बॉबिनची साडेसातची सुई

तुमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी इन्सुलिनची बाटली नुकतीच येऊन बसली असेल, आणि जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी ती आणली ते मांजर सोफ्याखालून डोळे वटारून तुमच्याकडे बघत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. काही महिन्यांपूर्वी मी तिथेच उभा होतो. आधी शेवट सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. आमचा बोका ठणठणीत आहे. मी हे लिहितोय आणि तो टेबलावर, बरोबर मला हव्या असलेल्या कागदावर बसला आहे.

मी चौपन्न वर्षांचा, मूळचा अमळनेरकडचा, सिल्वासाला एका सुताच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. स्वतःला इंजेक्शन घेताना भिंतीकडे तोंड करणारा माणूस आहे मी. मला जमलं म्हणजे तुम्हाला जमेलच. फक्त मी केलेली एक चूक करू नका, आणि त्या चुकीनंतर मी जे केलं ते तर मुळीच करू नका.

खुर्चीवरचा युनिफॉर्म

बोक्याचं नाव बॉबिन. नऊ वर्षांपूर्वी आमच्या पॅकिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या रिकाम्या बॉबिनच्या खोक्यात तो एकटाच सापडला. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून मी त्याला घरी आणला. टोकरखाड्यात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून घरात आम्ही तिघं: मी, बायको शुभदा आणि बॉबिन. शुभदा चिपळूणची, इथल्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. बॉबिन काही शिकवत नाही, पण घरातला सगळ्यात कडक मास्तर तोच.

नऊ वर्षांत त्याने बाथरूमजवळच्या टबातल्या रेतीशिवाय कुठे काही केलं नव्हतं. या उन्हाळ्यात एक दिवस खुर्चीवर ठेवलेला माझा इस्त्रीचा युनिफॉर्म ओला निघाला. दुसऱ्या दिवशी गादी. मग पायपुसणं, मग धुण्याचा ढीग, मग टबाच्या अगदी शेजारची फरशी. टबातल्या रेतीचा तर चिखल व्हायचा. पाणी एवढं प्यायचा की वाटी भरून मागे वळावं तोवर रिकामी. मी म्हटलं, उन्हाळा आहे. तो खात सुटला आणि तरी वाळत चालला, तेव्हा म्हटलं, वय झालं. कारण शोधायची मला सवय आहे, आणि आपण शोधलेलं कारण बरोबरच असतं असं मानायचीही सवय आहे.

मी रोज फिनेल ओतून फरशी पुसायचो. बॉबिन त्या खोलीत यायचाच बंद झाला आणि दुसरी खोली ओली व्हायला लागली. फिनेल मांजराला विषासारखं असतं, पंजाला लागतं आणि मग ते पंजा चाटतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही साबणाचं पाणी आणि व्हिनेगर वापरा. गादी दुसऱ्यांदा ओली झाली तेव्हा माझं डोकं फिरलं. खानवेलहून येणारा आमचा एक कामगार म्हणत होता, साहेब, आमच्याकडे द्या, शेतात उंदीर खूप आहेत. रविवारी घेऊन येतो, असं मी त्याला सांगूनही टाकलं.

शुभदाला हे जेवताना सांगितलं. ती ताटातून वर न बघता म्हणाली, "पहिलीतलं मूल वर्गात ओलं करतं, तेव्हा मी त्याला खानवेलला पाठवत नाही."

"हे मूल नाही, बोका आहे. मुद्दाम करतो."

"मुद्दाम करणारा टबापर्यंत कशाला जाईल? टबाला खेटून करतो तो. त्याला आत जायचंय, जाता येत नाहीये. मागचे पाय बघितलेत का त्याचे?"

मी बघितले. तो मागच्या पायांच्या टाचा फरशीला टेकवून, अर्धवट बसल्यासारखा चालत होता. रोज माझ्या पायात येणारं जनावर, आणि मला त्याचे पाय दिसले नव्हते. रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला वापीला नेलं.

वापीच्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाई तरुण, गुजराती, आणि एकाच वाक्यात तीन भाषा बोलणाऱ्या. त्यांनी रक्त घेतलं, लघवी तपासली, पाय दाबून पाहिले आणि सरळ सांगितलं, "डायबिटीस छे. शुगर बहुत हाय आहे. म्हणून पाणी, म्हणून एवढी पेशाब, म्हणून पाय कमजोर."

शुभदाने विचारलं, "आमचं काही चुकलं का?" मी विचारलं, "किती दिवस?" कोण कसं माणूस आहे ते अशा वेळी कळतं.

"दिवस नाय, वर्षं जगेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण इन्सुलिन बे टाइम. सवारे अने सांजे, बारा-बारा तास. रविवार नाय, दिवाळी नाय. दोघं मिळून कराल? नाय होणार असेल तर अभी बोलो, मला राग नाय येणार."

मी हसलो. म्हटलं, "मॅडम, आमचा प्लांट चोवीस तास चालतो, दिवाळीलासुद्धा. वेळ पाळणं हेच माझं काम आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आता आठवलं की त्या नजरेचा अर्थ लागतो. परत येताना शुभदा स्कूटरवर मागे बसून मांडीवरच्या पिशवीशी हळू आवाजात बोलत होती, आणि बोलता बोलता रडत होती. मलाही भीती वाटत होती. ती मी हॉर्न वाजवून घालवली.

गावाला दादांना, म्हणजे मोठ्या भावाला, फोनवर सांगितलं तर ते दोन मिनिटं हसतच राहिले. "मांजरले शुगर व्हयनी? आते तू त्याले रोज सुई टोचशी?" टोचीन, म्हटलं. मग हसू आवरून म्हणाले, "टोच रे भो. मुकं जनावर शे." एवढं बोलून त्यांनी कांद्याचा विषय काढला.

सुई

पहिली सुई मी दिली. मानेमागची कातडी चिमटीत उचलली, सुई एका बाजूने घातली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढली. औषध सगळं केसांवर. बॉबिन वाटीतलं खात राहिला. त्याला पत्ताही नव्हता. घाम मला फुटला होता. शुभदाने डॉक्टरबाईंना फोन लावला.

"परत देऊ का?"

"बिलकुल नाय," त्या म्हणाल्या. "शंका असेल तर दुसरी द्यायची नाय. एक चुकली तर चालेल. एक जादा झाली तर जीव जाईल."

हे वाक्य कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. मी चिकटवलं नाही, कारण माझ्याकडे त्याहून भारी उपाय होता असं मला वाटत होतं. डोस किती ते इथे मुद्दामच लिहीत नाही. तुमच्या मांजराचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, शेजारचे नाहीत आणि मीही नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत माझा हात बसला. आठव्या दिवसापर्यंत शुभदाचा माझ्यापेक्षा बरा. ती सुई उजेडात धरायची, बुडबुडा टिचकी मारून घालवायची, आणि "झालं बाळा" म्हणेपर्यंत खरंच झालेलं असायचं. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. सकाळची पाळी असेल तर सकाळची सुई तिची, दुपारची असेल तर संध्याकाळची तिची, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मी दोन्ही वेळा घरी. एवढा सरळ हिशेब.

गोंधळ नको म्हणून मी कारखान्यातल्यासारखी एक लॉगबुकची वही घरी सुरू केली. वार, वेळ, सही. पाळी बदलताना आम्ही असंच करतो: जाणारा लिहितो, येणारा शेवटची ओळ वाचतो आणि कामाला लागतो. शुभदा म्हणाली, "घरात दोन माणसं, त्याला वही कशाला?" मी म्हटलं, वही बोलत नाही, विसरत नाही आणि रुसत नाही. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

रेती

सुई सोपी, टब अवघड. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

शुगर वाढलेलं मांजर एवढी लघवी करतं की तुमचा नेहमीचा टब पुरत नाही. रेती ओली असली की ते आत पाय ठेवत नाही, आणि ओल्या रेतीत पाय ठेवायला तुम्हाला तरी आवडेल का? आम्ही बांधकामाची रेती सोडून बाजारातली, गोळे धरणारी आणली. दिवसातून तीनदा उपसायची. एकाचे दोन टब केले, एक बाथरूमपाशी, एक त्याच्या आवडत्या खिडकीखाली. पहिल्या दिवशी सकाळी बटाटेवड्याएवढाले सात गोळे निघाले. मी ते मोजायला लागलो. कारखान्यात धागा तपासतो तसं रोज सकाळी उकिडवं बसून गोळे तपासायचे. दुसऱ्या आठवड्यात ते पाचावर आले आणि आकारही उतरला. मी ही बातमी शुभदाला शाळेत फोन करून सांगितली. ती म्हणाली, "अहो, मी जेवत्येय."

पण पाचावर येऊन गोळे अडकले, खाली येईनात. कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. समोरच्या हंसाबेन दारात वाटी घेऊन बसल्या होत्या, आणि वाटीत साखर घातलेलं दूध. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते; नऊ वर्षं दुपारी, आम्ही दोघं कामावर असताना, हे चालू होतं.

"बिच्चारो दूध मांगे छे, महाजनभाई. ना केम पाडुं?"

मी जरा जोरातच बोललो. नको ते बोललो. त्या वाटी उचलून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. नंतर आठ दिवस त्या जिन्यात भेटल्या तरी भिंतीकडे बघायच्या. गोळे मात्र परत उतरले, त्यामुळे मला काही पश्चात्ताप वगैरे झाला नाही.

शुक्रवार

तिसऱ्या आठवड्यात माझी रात्रपाळी आली. रात्री अकरा ते सकाळी सात. सव्वासातला मी घरी यायचो, साडेसातला सुई द्यायचो, सकाळची ओळ शुभदा वहीत लिहायची, आणि मी झोपायला जायचो; संध्याकाळची सुई आणि ओळ दोन्ही माझी. गुरुवारपर्यंत सगळं बिनबोभाट.

शुक्रवारी सकाळी मी आलो तेव्हा ती घरात नव्हती. दूधवाला आला नव्हता म्हणून नाक्यावर गेली होती. मी बॉबिनला खायला घातलं, सुई दिली, वहीत स्वतः ओळ लिहिली, कानात कापूस घातला आणि झोपलो. ती पावणेआठला आली. दार लोटलेलं, मी घोरतोय, बॉबिन पायात घोटाळून ओरडतोय. खाऊन झालं तरी ओरडायची त्याची तेव्हाची सवय होती. तिने वही उघडली, शेवटची ओळ वाचली. त्या ओळीत होतं: गुरुवार, ७.३०, माझी सही. म्हणजे काल संध्याकाळची. तिने त्याला वाढलं आणि सुई दिली. मग दहाला शाळेत गेली.

अकराच्या सुमाराला मला जाग आली ती लघवीसाठी. या बाबतीत बॉबिनचं आणि माझं सारखंच आहे. बाथरूमपाशी पाहतो तर तो टबाच्या काठावर, अर्धा आत, अर्धा बाहेर, कुशीवर पडलेला. तोंडातून लाळ. डोकं थरथरत होतं. मी हाक मारली, तर माझ्याकडे पाहिलं पण ओळखलं नाही.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मध, साखरेचं पाणी, जे असेल ते हिरड्यांना चोळा. पाजू नका, घशात अटकेल. चोळा अने निकळो."

मध आमच्याकडे नव्हता. मी बनियनवरच समोरचं दार ठोठावलं. हंसाबेनने दार उघडलं, माझ्या हातातल्या बॉबिनकडे पाहिलं, आत गेल्या आणि मधाची बाटली घेऊन आल्या. मी त्याचा जबडा धरला, त्यांनी बोटाने हिरड्यांना मध चोळला. एरवी जबड्याला हात लावला तर रक्त काढणारा बोका, त्या दिवशी त्याने दातही मिटले नाहीत. मी स्कूटरची किल्ली घेतली तेव्हा त्या चपला घालूनच उभ्या होत्या.

"तमे चलावो," त्या म्हणाल्या. "हुं पकडुं छुं."

साठीच्या हंसाबेन माझ्या मागे बसल्या, भाजीच्या पिशवीत बॉबिन, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने त्याला मध. दादरा गावाच्या पुढे ट्रकांची रांग लागली होती. मी कडेच्या मातीतून गाडी घातली. मागून त्या सारख्या सांगत होत्या, "श्वास चाले छे, भाई. चाले छे." मी त्या आवाजाच्या आधाराने वापीला पोचलो.

डॉक्टरबाईंनी सलाइन लावलं आणि विचारलं, "सकाळी डबल तर नाय झालं?"

"शक्यच नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे वही आहे."

"घरी विचारा," त्या म्हणाल्या.

मी शाळेत फोन लावला. शुभदा म्हणाली, "हो, दिली ना मी, पावणेआठला. वहीत शेवटची ओळ कालची होती." आणि त्या क्षणी, फोन कानाला असताना, मला माझंच अक्षर दिसलं.

आमच्या प्लांटमध्ये रात्रपाळी सकाळी सातपर्यंत चालते, पण तिचं सगळं उत्पादन आदल्या दिवसाच्या नावावर लिहितात. पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो तिचा वार. रात्रभर प्रत्येक तक्त्यावर मी 'गुरुवार' लिहिलं होतं. घरी येऊन हाताने तोच वार लिहिला. साडेसात सकाळचे की संध्याकाळचे, हे तर कधीच लिहीत नव्हतो, कारण कारखान्यात पाळीचं नाव लिहिलेलं असतं, वेळ सांगावी लागत नाही.

पलीकडून शुभदा रडायला लागली होती. "मी विचारायला हवं होतं हो. मी उठवायला हवं होतं तुम्हाला. मी मारलं त्याला."

आणि मी म्हणालो, "बघू. आता रडू नकोस."

एवढंच म्हणालो. माझी चूक आहे, हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

घमेलं

बॉबिन वाचला. ती रात्र तिथे काढून शनिवारी दुपारी घरी आला, अशक्त, पण डोळ्यांत ओळख होती. डॉक्टरबाईंनी डोस कमी करून रविवार सकाळपासून परत सुरू करायला सांगितला. हंसाबेन दोनदा येऊन बघून गेल्या, हात मागे बांधून, म्हणजे वाटी नाही हे मला दिसावं म्हणून.

घरात आता दोन गोष्टी बंद पडल्या होत्या. बॉबिन टबात जात नव्हता. दोन्ही टब सारखेच, उंच काठाचे, आणि एका काठावर तो पडला होता. तो लांब उभा राहायचा, वास घ्यायचा, आणि वळून दारातल्या पायपुसण्यावर करायचा. आणि शुभदा सुईला हात लावत नव्हती. "माझ्याच्याने नाही होणार," एवढंच म्हणाली. रविवारी सकाळी मी सुई देताना ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

टबाचा प्रश्न मी सोडवला. बांधकामावर असतं तसं प्लास्टिकचं घमेलं आणलं, काठ चार बोटं, आणि ते नवीन जागी, पलंगाच्या कडेला ठेवलं. दुपारी बॉबिनने त्यात एक पाय ठेवला, काढला, परत ठेवला. मग चारही. जेव्हा तो रेती उकरायला लागला तेव्हा मी दाराआड उभा होतो. तुमचं मांजर टब टाळत असेल तर टब बदला, जागा बदला, मांजर बदलू नका.

दुसरा प्रश्न असा घमेल्याने सुटणार नव्हता. सोमवारपासून माझी दुसरी पाळी होती, दुपारी तीन ते अकरा. संध्याकाळी साडेसातला घरात फक्त शुभदा असणार होती. हंसाबेनना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मने तो बीक लागे, भाई." त्यांचा हात थरथरतो, त्यांना भीती वाटणं बरोबरच होतं.

मी गप्प का होतो, ते सांगतो. गेली वीस वर्षं मशीन बंद पडलं की रिपोर्ट मी लिहितो. त्यात एक रकाना असतो, 'कारण'. तो भरायचा अधिकार माझा. त्यात ऑपरेटरचं नाव लिहिलंय, फिटरचं लिहिलंय, वीजखात्याचं तर शंभरदा. माझं कधी लिहिलं नाही. आणि दोन दिवस मी स्वतःला सांगत होतो की तिनेही विचारायला हवंच होतं ना. ते खोटंही नव्हतं. म्हणून तर त्याच्यामागे लपता येत होतं.

रविवार

संध्याकाळी सात वाजता शुभदा गवार निवडत बसली होती. बॉबिन तिच्या पायाशी होता, पण तिने त्याला हात लावला नव्हता. ती म्हणाली, "तुमचा तो खानवेलचा माणूस अजून विचारतो का हो?"

मला आधी कळलंच नाही. "कशाबद्दल?"

"याच्याबद्दल. त्याच्याकडे निदान माझ्या हातून मरणार नाही."

याला ज्या बाईने खानवेलला जाऊ दिलं नव्हतं, ती हे बोलत होती. तिथे सुई कोण देणार होतं? महिनाही काढला नसता त्याने. हे तिलाही ठाऊक होतं. मी उठलो, वही आणली आणि तिच्यासमोर उघडून धरली.

"ही ओळ बघ."

"बघितलीये मी ती."

"हा वार मी चुकीचा लिहिला. ही शुक्रवार सकाळची ओळ आहे. रात्रपाळीला आम्ही आदला वार लिहितो, तसा लिहिला. तू बरोबर वाचलंस. चूक माझी आहे, शुभदा. तुझी नाही."

तिने वही हातात घेतली. गुरुवारच्या दोन ओळी वाचल्या, मग तिसरी. बोट तिथेच ठेवून बसली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी कधी?"

"तू फोनवर होतीस तेव्हाच."

तिचे हात गवारीवर थांबले. मला वाटलं रडेल, ओरडेल, वही फेकेल. ते सगळं चाललं असतं. तिने फक्त घड्याळाकडे पाहिलं. साडेसातला पाच कमी होते. मी फ्रिजकडे जायला निघालो.

"बसा तुम्ही," ती म्हणाली.

तिने हात धुतले. बाटली काढली, तळहातांत हलकेच फिरवली, सुई भरून उजेडात धरली. तिने सुई खाली ठेवली, ओट्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली, परत उचलली. बॉबिन वाटीत तोंड घालून खात होता. तिने कातडी चिमटीत धरली. "झालं बाळा," ती म्हणाली, आणि झालं होतं.

मग तिने शाळेतल्या खडूंची एक रिकामी डबी आणली, तिच्यात दोन नव्या सुया ठेवल्या आणि फ्रिजवर ठेवली. "एक सकाळची, एक संध्याकाळची. सकाळी डबीत दोन असतील तर द्यायची, एकच असेल तर दिलेली आहे. संध्याकाळी एक असेल तर द्यायची, डबी रिकामी असेल तर दिलेली आहे. रात्री मी परत दोन ठेवणार." वही तिने रद्दीत टाकली. एवढं बोलून ती आत गेली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. सोमवारी सकाळीही नाही. डबा भरून दिला, पण टेबलावर ठेवून.

सोमवारी मी तीनच्या पाळीला गेलो. सात वाजता मशीनच्या ओळीत उभा होतो, धागा बघत होतो आणि धागा दिसत नव्हता. सव्वासातला फोन काढला आणि परत खिशात ठेवला. तिला विचारायचं म्हणजे तिच्यावर पहारा ठेवायचा, आणि तो अधिकार मी घालवून बसलो होतो. साडेसात झाले. पावणेआठ झाले. आठला दहा कमी असताना खिशात फोन थरथरला.

शुभदाचा मेसेज होता. "दिली. आज सोमवार. संध्याकाळ."